तिला विचारलंय मी

बाई प्रश्न मुलीला विचारायच्या आणि उत्तर शेजारी बसलेली आई द्यायची. मग बाई आईकडं न बघताच हाताचा पंजा वर करायच्या, गाडी अडवावी तसा, आणि म्हणायच्या, "तिला विचारलंय मी."

तुम्हीही पाहिलं असेल. चाकांच्या खुर्चीत कुणी बसलेलं असलं की दुकानदार मागं उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, "यांना काय पाहिजे?" बाईंचं सगळं भांडण या एका गोष्टीशी होतं. अपंग मुलामुलींना नोकरीसाठी आणि पुढच्या शिक्षणासाठी तयार करणारं आमचं मिरजेतलं छोटं केंद्र. मी तिथं कॉम्प्युटर शिकवतो. बाई काय शिकवायच्या, हे सांगणं अवघड आहे. एकट्यानं एसटीत चढणं, बँकेत आपलं काम आपण बोलणं, नको असलेल्या मदतीला हसून नको म्हणणं, असलं सगळं.

शनिवारी खोट्या मुलाखती असत. बाई चष्मा नाकावर ओढून खडूस साहेब व्हायच्या. एका हातानं अधू असलेला एक मुलगा दर वेळी सुरुवात करायचा, "मी अपंग आहे, मला संधी द्या."

एकदा बाई म्हणाल्या, "ते दिसतंय मला. काम काय येतं ते सांग."

"मोबाइल दुरुस्ती."

बाईंनी टेबलावरचा मोबाइल उचलून त्याच्यापुढं ठेवला. "उघड."

मोबाइल माझा होता. त्यानं तो उघडला, पुन्हा जोडला, आणि तो चालूही झाला. पण मधला वेळ माझा कसा गेला, हे मलाच ठाऊक.

साताऱ्याकडच्या औंधजवळच्या गावातली एक मुलगी होती. जन्मापासून हातपाय तिचं पुरतं ऐकत नसत, आणि जीभही. एक वाक्य बोलायला तिला फार वेळ लागे. बारावीला मार्क चांगले पडले होते. सांगलीला वसतिगृहात राहून कॉमर्स करायचं तिच्या मनात होतं. केंद्रातले दिवस संपल्यावर तिला घरी न्यायला वडील आले, तेव्हा बाईंनी तिला विचारलं, "पुढं काय करायचं?"

वडीलच म्हणाले, "करायचं काय? घरात काय कमी हाय तिला?"

पंजा वर गेला. "तिला विचारलंय मी."

"आवं बाई, लेक माझी हाय!"

"म्हणून तर तुमच्यासमोर विचारतेय."

मुलीचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मला राहवेना. तिच्या वतीनं सांगायला मी तोंड उघडलं, तसा बाईंनी टेबलाखालून माझा पाय दाबला. चांगला जोरात.

शेवटी ती एकेक शब्द सोडवत म्हणाली, "आबा... दादाला... काश्मीरला धाडलं. मग मला... सांगलीला धाडायला... का भ्या वाटतंय?"

वडील खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "त्याच्या हातात बंदूक हाय, बाळा."

"माझ्या हातात... मोबाइल हाय."

आधी बाई हसल्या. मग ते हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागले. जूनमध्ये ती सांगलीला गेली. सुरुवातीला दर रविवारी वडील वसतिगृहाच्या दारात हजर असत. पुढं ते कमी झालं. आता ती तिथंच एका हिशेबनिसाच्या ऑफिसात कामाला आहे.

बाई गेल्या वर्षी गेल्या. सकाळी केंद्रात यायला निघाल्या होत्या, दारातच कोसळल्या. शोकसभेला मुलं पाटणहून आली, जतहून आली. भाषणं थोडीच झाली. ती मुलगीही आली होती. मागच्या रांगेत तिचे वडील दिसले, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं, लेकीला घेऊन आलात."

"मी कुठला आणतोय? ती म्हणली, आबा, मी सांगलीहून येते, तुमी तुमचं या."

सभा संपल्यावर दोघं रस्त्यापर्यंत सोबत गेले. वडिलांना गावाकडची, रहिमतपूरला जाणारी रेल्वे धरायची होती, तिला सांगलीची बस. ते स्टेशनकडं वळेनात. ती दांडा धरून सावकाश पायऱ्या चढली, खिडकीशी बसली, तरी ते खालीच उभे. मग तिनं खिडकीतून मान बाहेर काढली. बस थरथरत होती. तिनं तिचा वेळ घेतला.

"आबा... जावा आता. तुमची गाडी... चुकंल."