तीन मिनिटं गप

आमचे हे मालवाहू बोटीवर वायरलेस ऑपरेटर होते. आमच्या काष्टी गावात तेव्हा समुद्र पाहिलेला दुसरा माणूस सापडला नसता. एकाहत्तरच्या पावसाळ्यात निघताना ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर तांबड्या रंगाच्या दोन फाका काढल्या, एक तीनच्या आकड्यापुढे, एक नऊच्या. बोटीवरच्या घड्याळालाही तशाच असतात, म्हणाले. मोठा काटा तिथे आला की साऱ्या बोटींनी तीन मिनिटं आपलं बोलणं थांबवायचं आणि नुसतं ऐकायचं. कोणी बुडत असेल तर त्याची हाक कळावी म्हणून. कुठल्या पाण्यात धोका आहे तेही त्यानंतर लगेच कळवतात.

सासूबाईंनी ह्याचा भलताच अर्थ लावला. त्या तीन मिनिटांत घरात आवाज झाला तर लेकाला हाक ऐकू जायची नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. त्यांचा वरवंटा थांबायचा आणि माझी भांडीही त्या थांबवायच्या. मला भारी राग यायचा. दिवसातून किती वेळा मुकं व्हायचं माणसानं? मी मुद्दाम पातेलं आपटायची.

डिसेंबरात लढाई पेटली. अरबी समुद्रात बोटी बुडाल्याचं रेडिओवर सांगू लागले आणि ह्यांचं पत्र येईना. मी भारी भ्याले. पातेली आपटणं कधी सुटलं, माझं मलाच कळलं नाही.

एका शनिवारी, ऐन बाजाराच्या दिवशी, पोस्टमन तार घेऊन दारात आला. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तो वाचायला लागणार, तोच सासूबाईंनी घड्याळाकडे बघून त्याच्यापुढे हात आडवा केला. काटा नऊवर होता. बिचारा कागद धरून उभा राहिला. ती तीन मिनिटं मी विधवाच होते. मग त्याने वाचलं. बोट मुंबईला सुखरूप लागली होती.

हे घरी आल्यावर मी हसत हसत सगळं सांगितलं. हे हसले नाहीत. तशाच तीन मिनिटांत एकदा ह्यांना एका परक्या बोटीची हाक आली होती, सुरुंग पेरलेल्या पाण्यातून. हाक ऐकली, असं ह्यांनी उत्तर दिलं, किनाऱ्यालाही कळवलं. पण त्या पट्ट्यात शिरू नका असा इशारा होता, म्हणून कप्तानाने बोट वळवली नाही. थोड्या वेळाने हाक थांबली.

सासूबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्या हाक देणाऱ्याच्या आईला ठावं हुतं का रं, गप बसायचं?"

त्यानंतर त्या मिनिटांत मी कधी भांडं वाजवलं नाही, हे घरी असतानासुद्धा.