वापरलेलं पिंप

वेंडेल मॅटिंगली हा केंटकीतला पिंपवाला. नवं ओकचं पिंप आतून काळंकुट्ट जाळायचं आणि बर्बन व्हिस्की भरायला धाडून द्यायचं, यात त्याची हयात गेली. भुवया कधीच्याच होरपळल्या होत्या, त्यामुळे माणूस कायम दचकल्यासारखा दिसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता जीव जडला होता रोझेटा हेगनवर. बाई दोन नवऱ्यांना पोचवून बसलेली, जिभेने तिखट, हाताला मात्र चव. तिच्याशी लग्न करावं हे त्याच्या मनात पक्कं होतं; विचारायचा धीर तेवढा होत नव्हता.

तो जिला पिंपं पुरवी, त्या कंपनीने त्या उन्हाळ्यात हलकी व्हिस्की बाजारात आणली. भट्टीत जास्तच गाळलेली, अंगाने पातळ, रंगाने फिकी. एकटी खपली नाहीच, तर कडक व्हिस्कीत मिसळून तिचा चावरेपणा मोडायला वापरू, असाही कंपनीचा हिशेब होता. आणि मुरवायची कशात? तर बर्बन काढून घेतलेल्या जुन्या पिंपात! वेंडेलचं टाळकंच सरकलं. नवं पिंपच नको म्हटल्यावर त्याने काय माश्या मारायच्या?

चर्चच्या पिकनिकला त्याचा दोस्त लूकस बर्गूच्या, म्हणजे मटण-भाज्यांच्या दाट रश्श्याच्या, कढईत डाव फिरवत होता. त्याने मुद्दाम खोडी काढली, "काय रे, चाखलीस का ती हलकी?"

"हॅट्! त्या पाण्याला काय चाखायचंय?" वेंडेल तावातावाने ओरडला. "अरे, एकदा वापरलेल्या पिंपात राम उरतो का? आणि दोनदा वापरलेलं तर सरळ चुलीतच घालावं!"

लूकस डोळ्यांनी खुणावायला लागला. वेंडेलने वळून पाहिलं, तर मागे जॅम केक घेऊन रोझेटा उभी! तिने केक शांतपणे लूकसपुढे ठेवला.

"अहो, मी पिंपाबद्दल बोलत होतो!"

"हो का? मग मी कोणाबद्दल समजले, असं वाटलं तुम्हाला?"

कंपनीने पिकनिकला फुकट धाडलेली हलकी व्हिस्की टेबलावर होती, ती रोझेटाने ग्लासात ओतली आणि त्याच्या हातात दिली.

"न चाखता नावं ठेवू नयेत. घ्या. आणि खरं सांगा हं. दोन नवऱ्यांच्या थापा पचवल्यात मी."

खोटं बोलावं तर पकडणार, खरं बोलावं तर बाई हातची जाणार. बिचाऱ्याने डोळे मिटून घोट घेतला. मग आणखी एक.

"बर्बनची सर नाही," तो म्हणाला. लूकसने कपाळावर हात मारला. "पण वाईट नाही. चावत नाही, बडबडत नाही. जवळ बसावंसं वाटतं. चुकलो मी, रोझेटाबाई. जुन्या पिंपात बरंच काही उरलेलं असतं. आता तुमचंच बघा..."

"खबरदार!" रोझेटाने लूकसच्या हातातला डाव हिसकावला. "मी पिंप नाही, वेंडेल. मी गिऱ्हाईक आहे. दोनदा माल घेऊन पाहिलाय, तिसऱ्यांदा घ्यावा का, ते ठरवतेय. बोला, काय विचारायचंय?"

वेंडेलने डोक्यावरची टोपी काढली. तो तिच्या कानाशी वाकून कसंबसं पुटपुटला.

"असं नाही चालायचं," रोझेटा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "नावं ठेवलीत ती चारचौघांत ओरडून. आता हेही ओरडूनच विचारा. हो म्हणणार आहे मी, पण सगळ्यांना ऐकू जाऊ दे."