दोन दात

"सगळे हसले, तू एकटीच का तोंड शिवून बसलीस?" बूट काढता काढता तो ओरडला. "लोकांना वाटलं असेल, हिला नवऱ्याचं सुधारणं बघवत नाही."

"कशावर हसू? माझ्या दातांवर?"

"अगं, ते मला हसत होते!"

दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला आज घरच्यांनाही बोलावलं होतं. तिघी गेल्या होत्या. ती, सासू आणि सोळा वर्षांची लेक. तो न्हावी. जीभ कात्रीहून धारदार. पिण्याच्या दिवसांत हात इतका थरथरायचा, की एका गिऱ्हाइकाचा कान कापला आणि दुकान ओस पडलं. आता जवळजवळ वर्षभर थेंब नाही. गिऱ्हाइकं परतली. हे सगळं खरं होतं, तीही नाकारत नव्हती.

तिथे उभं राहून त्याने सांगितलं, "बायकोच्या हातातली बाटली हिसकावली, तशी ती जिन्यावरून खाली. तोंडावर! पुढचे दोन दात गेले. आणि मी वरून काय विचारलं? 'बाटली फुटली नाही ना?'"

खोलीभर हशा. हसणारे दुष्ट नव्हते, असं काहीतरी प्रत्येकाच्या घरात घडलं होतं. हशा ओसरेपर्यंत तो सराईतपणे थांबला. तेव्हा तिला कळलं, हा किस्सा तो पहिल्यांदा सांगत नाहीये.

लेकही हसली. आई ओल्या फरशीवरून घसरली, असंच तिला नऊ वर्षं सांगितलेलं. हसून झाल्यावर तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुकानातही सांगतोस?" आता तिने विचारलं.

"लोकांना आवडतं," तो म्हणाला. "आणि पुढच्या मंगळवारी बैठकीत वर्षभर न प्यायल्याचा बिल्ला तुझ्या हातून घ्यायचाय. जरा हसरं तोंड करून ये. दात नवे बसवलेत ना?"

सासू फिसकन हसली. मग सुनेचा चेहरा बघून गंभीर झाली. "पीत होता तेव्हा नांदलीस, आता सुधारला तर तोंड फुगवतेस?"

"तेव्हा तो शुद्धीत नव्हता, आई. आता आहे."

तिने ताटं मांडली, सगळ्यांना वाढलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं,

"बिल्ला आई देतील. मी सोमवारी ताईकडे राहायला जातेय, ते कायमचं." मग लेकीकडे वळून म्हणाली, "तुला यायचं तर ये. नाहीतर इथेच बस, हसत."