हॅलिफॅक्स, मर्ल आणि माझे चाळीस सेकंद

मुलीनं इमेलवर एक लिंक पाठवली आणि माझा चहा गार झाला. हॅलिफॅक्सच्या एका विद्यापीठात मर्लच्या फिल्म्स दाखवणार होते, ऑक्टोबरच्या शेवटी, तीन संध्याकाळी, आणि ती स्वतः येणार होती. आमच्या श्रीयुतांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन वाचली.

"ही तीच का?"

"हो, तीच."

 दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये जाऊन गाडीला बर्फात चालणारे विंटर टायर्स लावून आले. ऑक्टोबर नुकता सुरू झाला होता. मी म्हटलं, "अहो, एवढ्यात काहून?" नागपूर सोडून सदतीस वर्षं झाली तरी आमच्या घरातलं 'काहून' काही सुटलेलं नाही. म्हणाले, "वाटेतल्या न्यू ब्रन्सविकचा काही भरवसा नाही बाप्पा." म्हणजे विमान रद्द. टोरोंटोच्या कडेचं आमचं स्कारबरो ते हॅलिफॅक्स, अठराशे किलोमीटर, गाडीनं!

मर्ल कोण, ते आधी सांगते. कॅनडात आल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती टोरोंटोतल्या एका बिस्किटांच्या कारखान्यात. माझ्या शेजारच्या स्टुलावर ही बसायची. मूळची ग्रेनाडाची. आई इथे एका घरी घरकामाला आली आणि मागून चौदा वर्षांची मर्ल. दिवसा बिस्किटं भरायची, संध्याकाळी कॉलेजात फिल्म शिकायची. कॉलेजचा कॅमेरा मागून आणून तिनं आम्हा बायकांवर एकोणीस मिनिटांची फिल्म केली. तिच्या पहिल्या फिल्ममध्ये मी चाळीस सेकंद बोलले होते, आणि नंतर मीच तिला ते कापायला लावले, तेही फोनवर, तोंड न दाखवता. त्याला तेहतीस वर्षं झाली. मला तिची माफी मागायची होती. बस, एवढ्यासाठी ही ट्रिप.

पहिला दिवस ४०१ हायवेचा. त्याबद्दल चांगलं लिहिण्यासारखं मला आजवर काही सापडलेलं नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत घ्या, सर्व्हिस सेंटरवर बटाट्याच्या फ्राइजशिवाय काही मिळत नाही. क्यूबेक लागलं की पाट्या फ्रेंचमध्ये. क्यूबेक सिटीच्या अलीकडे मोटेलात मुक्काम केला, ऐंशी डॉलरच्या आत, सकाळचा नाश्ता धरून. काउंटरवरच्या बाईंना श्रीयुत "बोंझूर" म्हणाले आणि त्यांनी धाडधाड फ्रेंच सुरू केलं. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

दुसऱ्या दिवशी नुसतं जंगल. मेपलची पानं बरीचशी गळून गेलेली, आणि दर थोड्या अंतरानं मूसपासून, म्हणजे इथल्या थोराड सांबरापासून, सावध राहा अशी पाटी. न्यू ब्रन्सविकमध्ये शिरलात की घड्याळ एक तास पुढे करा, विसरलात तर हॉटेलचं किचन बंद होतं.  फ्रेडरिक्टन यायच्या आधी हे आपणहून म्हणाले, "ती काही बोलली तर ऐकून घे. तिचा हक्क आहे."

"आणि तुम्ही?"

"मी गाडी चालवतोय ना."

मला असा राग आला म्हणून सांगू! कारण कापायला लावलं ते ह्यांनी. फिल्म टीव्हीवर दाखवणार असं कळलं तेव्हा हे म्हणाले होते, "इथले नागपूरवाले पाहतील आणि महिन्याभरात पत्र घरी पोचेल." घरी आम्ही लिहिलं होतं, मंदा ऑफिसात आहे. आणि फिल्ममध्ये मी डोक्याला जाळी बांधून सांगत होते, माझी केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली आहे, मी इथे बिस्किटं भरते आणि घरी खोटं लिहिते. फोनवर मर्लनं एकच विचारलं, "नक्की?" मी "नक्की" म्हटलं आणि पुढच्या महिन्यात दुसरी नोकरी धरली.

तिसऱ्या दिवशी दुपारी हॅलिफॅक्स. संध्याकाळपर्यंत वेळ होता म्हणून फेरीबोटीनं पलीकडच्या डार्टमथला जाऊन आलो. दोन-सव्वादोन डॉलरात एवढा समुद्र कुठे मिळणार? जरूर जा, टोपी मात्र घट्ट धरा. धक्क्यावर मी फिश चावडर, म्हणजे माशांचं दाट सूप, खाल्लं, आमच्या नागपुरी माणसानं फ्राइज.

हॉल साठेक खुर्च्यांचा. आम्ही मागे बसलो. हातातल्या पत्रकात मर्लचं सगळं आयुष्य दीड पानात होतं. पहिल्या फिल्मनंतर कित्येक वर्षं अनुदान नाही, पोटासाठी लग्नांचे व्हिडिओ. मग आईसारख्या घरकाम करणाऱ्या बायकांवर फिल्म, ग्रेनाडाच्या कोळ्यांवर फिल्म, आणि शेवटी इथे शिकवण्याची नोकरी. तिचा एक नियमही छापला होता: जिच्याबरोबर एक अख्खी पाळी काम केलं नाही, तिच्यावर कॅमेरा लावायचा नाही.

अंधार झाला. कारखाना, बिस्किटांचा सरकता पट्टा, हात. एकेक बाई बोलत गेली. मग माझी जागा आली, आणि तिथे कुणीच नव्हतं. नुसतं रिकामं स्टूल, पुढून बिस्किटं सरकताहेत, पट्ट्याचा आवाज. मी मनात मोजत होते. चाळीस सेकंद पूर्ण. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

दिवे लागल्यावर एका विद्यार्थिनीनं त्या स्टुलाबद्दलच विचारलं. पांढऱ्या केसांची मर्ल म्हणाली, "तिथे माझी मैत्रीण बसायची. तिनं नाही म्हटलं. तिची वेळ मी दुसऱ्या कुणाला दिली नाही."

माझ्या शेजारी खुर्ची वाजली. श्रीयुत उभे! आयुष्यात कधी सभेत बोललेले नाहीत. त्यांच्या त्या नागपुरी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, तिनं नाही म्हटलं नव्हतं. मी म्हणायला लावलं. मला लाज वाटत होती. चूक माझी."

सगळा हॉल वळून बघायला लागला. मर्ल कपाळावर हात धरून आमच्याकडे बघत राहिली. मग जोरात हसली, "मंदा! तू म्हातारी झालीस!"

नंतर कॉफी घेताना मी माफी मागितली आणि विचारलं, "तो तुकडा आहे का गं?"

"नाही. रिळं ठेवायला जागा कुठे होती माझ्याकडे? फेकला."

"मग आता घे ना माझं बोलणं. त्यात घाल."

तिनं मान हलवली. "ती फिल्म झाली. बोलायचंच असेल तर ज्यांच्यापासून लपवलंस त्यांना सांग. मला तर सगळं माहीतच आहे."

परत येताना टायर्सचं सार्थक झालं. एडमंडस्टनजवळ बर्फ लागला आणि ह्यांनी सहा वेळा ते मला ऐकवलं. आता घरी येऊन आठवडा झाला. ट्रिपचा खर्च, मोटेलं, रस्ते कुणाला हवे असतील तर विचारा, सांगेन. राहिलं आहे ते एवढंच.

सासूबाई आता नाहीत. पण नागपूरला माझ्या नणंदबाई नातीकडून हा ब्लॉग वाचून घेतात. तर वन्सं, मी ऑफिसात नव्हते. साडेतीन वर्षं कारखान्यात बिस्किटं भरली. दर दिवाळीला पार्सलमधून यायचा तो डबा 'ऑफिसातून मिळालेला' नव्हता. तुम्हाला आवडायची ती बिस्किटं मीच भरलेली होती.

पोस्ट टाकण्याआधी ह्यांना वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं, वन्संचं खोडायला सांगतील.

"कारखान्यात काय नुसतं? नीट लिही," म्हणाले. "पॅकिंग सेक्शन, चार नंबरची लाइन."

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कधीतरी मी त्यांना हे सांगितलं असेल. माझ्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं.

चार नंबरची लाइन, वन्सं.