गाडी पाच इंच बुटकी केली, त्याची हकीकत

माझा गुडघा वर येईना, म्हणून मी ट्रक खाली आणला. गोष्ट एवढीच आहे. पण आमच्या गल्लीत तिला इतके फाटे फुटले की शेवटी कुणीतरी म्हणलं, म्हाताऱ्यानं ट्रकचे पाय कापले. तसं काही नाय. काय झालं ते मीच सांगतो.

ट्रक जुना आहे, लांब नाकाचा. असल्या गाड्या आता दिसत नाहीत. चाळीस वर्षं मी तो चालवला. लासूर स्टेशनचा कांदा, सोयगावकडचा कापूस, एकदा तर अख्ख्या बँडवाल्यांची वरात त्यांच्या ढोलांसकट. आता त्याचे कागद संपलेत, रस्त्यावर काढायची परवानगी नाय. घरामागं आमचा मोकळा प्लॉट आहे, तिथं उभा असतो. इंजिन मात्र अजून पहिल्या झटक्यात बोलतं.

बायको गेली आणि मी रोज सकाळी जाऊन त्याच्यात बसायला लागलो. लोकांना वाटलं डोकं फिरलं. डोकं ठिकाणावर होतं. घरात जिकडं बघावं तिकडं ती नव्हती. ओट्यापाशी नव्हती, टीव्हीसमोर नव्हती, बाजेवर नव्हती. चहा बशीत ओतला तरी समोर फुंकर मारणारी नव्हती. ट्रकमध्ये ती कधी बसलीच नव्हती. त्यामुळं तिथं ती नसली तरी काही वाटायचं नाय. केबिनमध्ये दोन-तीन तास बरे जायचे. तेवढीच एक जागा राहिली होती मला.

ती का बसली नव्हती तेपण सांगतो. बायको माझ्या खांद्याच्याबी खाली. आणि ट्रकची पहिली पायरी तिच्या कमरेला. लग्नाला दोन वर्षं झाली असतील, तिच्या भावाचं लग्न निघालं सोयगावला. मी रिकामी गाडी घेऊन तिकडंच चाललो होतो. म्हणलं, चल. ती मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आमच्या ट्रकच्या अड्ड्यावर आली ती काखेत स्टूल मारून. फळीवरचे डबे काढायला तिनं सुताराकडनं खोक्याच्या लाकडाचं बनवून घेतलं होतं.

"आवं, हे पायाशी ठिवा. मी चढते. मग वर घेऊ, उतरायला व्हईल."

चार-पाच ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यातला एक ओरडला, "उस्ताद, आता ताट-वाटीपण मांडा, वहिनींना पंगतीला बसवा!" सगळे हसले. मला लाज वाटली. मी स्टूल उचललं आणि भिरकावलं. एक पाय मोडला. स्टुलाचा.

तिनं स्टूल उचललं, मोडका पाय पिशवीत घातला आणि एसटीत बसली. मी रिकामा ट्रक घेऊन सोयगावपर्यंत त्या एसटीच्या मागं. ती शेवटच्या सीटवर. मागच्या काचेतून एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. सगळी धूळ मी खाल्ली.

त्यानंतर कधीबी म्हणलं, चल गाडीत, की तिचं एकच उत्तर. "तुमची ती घोडी आधी बुटकी करा. मग बसते." मी हसायचो. चाळीस वर्षं हसलो.

तर गुडघा. दिवाळीच्या आधी एका सकाळी मी नेहमीसारखा पायरीवर पाय टाकायला गेलो आणि गुडघा अर्ध्यात थांबला. खाली घसरलो आणि ट्रकच्या सावलीत आडवा झालो. उठता येईना. शेजाऱ्यांची बकरी आली. तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल खायला सुरुवात केली. मी तिला शिव्या दिल्या, ती खात राहिली. अर्धा टॉवेल संपला तेव्हा सून आली.

संध्याकाळी पोरगा कामावरून आला आणि तापला.

"आप्पा, बास झालं. गाडी भंगारात देऊ."

"का?"

"तुम्हाला चढता येत नाय."

"येतं."

"मग चढून दाखवा."

"आत्ता नाय. आत्ता जेवलोय."

तो रागानं बोलत होता. आई गेली, आता बापबी असा मातीत सापडायचा, ही भीती त्याला. मला कळत होतं. पण मलाबी माझी भीती होती. गाडी गेली की चोवीस तास त्या घरात बसायचं.

शेवटी त्यानं अट घातली. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर, कुणाचा हात न धरता, वर चढून दाखवायचं. चढलो तर गाडी राहील. नाय चढलो तर सोमवारी भंगारवाला.

मी सुतळी घेतली. गुडघा किती वर येतो ते मोजलं, पायरी किती वर आहे ते मोजलं. चार बोटं कमी पडत होती. दोन दिवस तेल चोळलं. गुडघा चकचकीत झाला, वर आला नाय. मग विचार केला, आपण वर जात नसलो तर गाडी खाली यावी. कुदळ घेतली आणि पुढच्या उजव्या चाकाखालची माती उकरायला लागलो.

सून आली. "मामा, खड्डा कशाला? कुणाला पुरायचंय?"

"ट्रकला."

गाडी एका अंगाला झुकली खरी. पण झुकल्याबरोबर दार आपोआप उघडलं आणि माझ्या कपाळावर बसलं. खड्डा बुजवला. मग मी मोंढ्यामागं आमच्या मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्री माझ्याच वयाचा. या ट्रकचं पोट त्यानं इतक्या वेळा उघडलंय की त्याच्या स्वतःच्या बिबीपेक्षा त्याला या गाडीची दुखणी जास्त ठाऊक. त्याला म्हणलं, छोटी चाकं टाकायची.

"छोटे चक्के?" त्यानं चष्मा वर केला. "उस्ताद, दुनिया गाडी ऊंची कर रई. तू नीची करता?"

"हौ."

"कायकू?"

"बैठने कू."

"चालीस साल से तो बैठरा."

"अब नै बैठरा."

त्यानं माझ्या गुडघ्याकडं बघितलं. मग स्वतःचा गुडघा वाकवून दाखवला, कटकन वाजला. मी माझा वाजवला. त्याचा मोठा वाजला. मग तो रिक्षात बसून मोजायचा टेप घेऊन आला.

आधी त्यानं टेम्पोची चाकं आणली. ती आमच्या ब्रेकच्या ड्रमवरून आत जाईनात. भोपळ्याला तान्ह्या पोराचं टोपडं घातल्यासारखं दिसायला लागलं. ती परत गेली. मग त्याला कुठंतरी जड मशिनी वाहणाऱ्या एका ट्रेलरची चाकं मोडीत सापडली. बुटकी पण दणकट. नटांची भोकं जुळली. ड्रमची कड जरा आडवी येत होती, ती त्यानं ग्राइंडरनं उतरवली.

काम दोन दिवस चाललं. तो गाडीखाली जायचा आणि त्याला बाहेर येता यायचं नाय. मी त्याचे पाय धरून ओढायचो. ओढताना मी बसायचो, मग मला उठता यायचं नाय. तो बाहेर येऊन मला उठवायचा आणि परत खाली जायचा. दोन म्हातारे आणि दोन जॅक. त्यात जॅक तेवढे नीट उठत होते.

शेवटचा नट आवळला आणि आम्ही लांब जाऊन बघितलं. एवढं मोठं नाक, एवढं मोठं अंग आणि खाली ती चाकं. मोठ्या पैलवानानं पोराच्या चपला घातल्यासारखं. मडगार्डच्या खाली एवढी पोकळी झाली की शेजाऱ्यांची कोंबडी येऊन टायरवर बसली आणि तिनं ते घर पसंत केलं.

"कित्ता नीचे आया?" मी विचारलं.

मिस्त्रीनं टेप लावला. "पाच इंच."

सुनेनं तोंडाला पदर लावला आणि आत पळाली. हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

रविवार आला. भंगारवाला एक दिवस आधीच येऊन उभा, आपला टेम्पो घेऊन. म्हणाला, गाडी बघून ठेवतो. पोरगा, सून, मिस्त्री आणि ती बकरी. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली. हँडल धरलं. पाय उचलला. गुडघा कुरकुरला, थांबला, आणि पायरीवर टेकला. पुढचं अंगात होतंच. एक झटका दिला आणि सीटवर.

मिस्त्रीनं टाळी वाजवली. मी पोराकडं बघितलं. तो हरला होता, पण त्यानं मोठा श्वास सोडला. मी हॉर्न वाजवला. कोंबडी किंचाळत मडगार्डमधून बाहेर पडली आणि भंगारवाल्याच्या टेम्पोत जाऊन बसली. इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, प्लॉटला एक चक्कर मारली. चाकं गरगर फिरत होती आणि गाडी मुंगीसारखी. वेगाचा काटा पंधरा दाखवत होता आणि बकरी बाजूनं चालत पुढं निघून गेली.

जागेवर येऊन बंद केली. दार उघडलं. खाली बघितलं.

आणि तेव्हा कळलं की उतरायचा विचार कुणीच केला नव्हता. मी नाय, मिस्त्रीनं नाय, अट घालणाऱ्यानं नाय. चढताना हातानं ओढून घेता येतं. उतरताना सगळा भार गुडघ्यावर. मी दार परत लावलं.

"उतरा आता, आप्पा," पोरगा म्हणाला.

"बसतो जरा. हवा चांगली आहे."

अर्धा तास गेला. सुनेनं चहा वर दिला. प्यायलो. आणखी अर्धा तास. तिनं दुसरा चहा दिला, तोबी प्यायलो, आणि ही चूक झाली. या वयात चहा आत फार वेळ थांबत नाय. भंगारवाला जायचं नाव घेईना, त्याला करमणूक झाली होती.

मिस्त्री दारापाशी आला, हळूच म्हणाला, "उस्ताद, उतरना नै आरा ना?"

"आरा."

"तो उतर."

"मूड नै."

पोरानं हात पुढं केला. मी म्हणलं, "हात धरायचा नाय. तुझीच अट."

"ती चढायची होती, आप्पा!"

"अट म्हणजे अट."

माझं तोंड बघून सुनेला काय ते कळलं. ती घरात गेली आणि स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन आली. पायरीच्या खाली ठेवलं, हलवून बघितलं.

"मामा, याच्यावर पाय द्या. आत्याबाई यावरनंच डबे काढायच्या."

मी वरून बघत होतो. एक पाय तारेनं बांधलेला. तार गंजून काळी झाली होती, वर आणखी एक नवी तार. चाळीस वर्षं ते स्टूल माझ्या डोळ्यांसमोर होतं. कधीतरी त्यावर बसून मी दाढीबी केली असेल. ती तार मी बघितली नव्हती.

पाय टाकला. पायरीवरून स्टुलावर, स्टुलावरून जमिनीवर. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाय. मी कुणाशी न बोलता मोरीकडं पळालो.

परत आलो तर मिस्त्री स्टुलाला टेप लावून बसला होता.

"नौ इंच," तो म्हणाला. "पाच इंच के वास्ते मेरी कमर गई, उस्ताद. और ये नौ इंच घर में पड़ा था? पहले कायकू नै बोला?"

"उसने बोला था," मी म्हणलं. "चालीस साल पहले. मैं फेक दिया."

तो हसायला निघाला होता, थांबला. टेप गुंडाळून खिशात घातला. भंगारवाल्यानं कोंबडी उतरवली आणि टेम्पो चालू करून निघून गेला.

मग मिस्त्री म्हणाला, "बड़े चक्के वापस डालूं?"

"रहने दे. बुटकी कर बोलती थी."

गाडी राहिली. पोरगा म्हणाला, गुलमंडीच्या बाजारातून नवं स्टूल आणतो, हे मोडेल. मी नको म्हणलं. आता ते जुनं स्टूल गाडीच्या डाव्या दारापाशी असतं, ड्रायव्हरच्या नाय, दुसऱ्या. मी तिकडनं चढतो आणि तिच्या सीटवरून सरकत सरकत स्टेअरिंगपाशी येतो. वेळ लागतो. आणि पहिल्यासारखं बरंबी वाटत नाय, कारण आता केबिनमध्येसुद्धा ती नसते. बाजूला बघितलं की जागा रिकामी दिसते. तरी बसतो.

एकच अडचण आहे. फळीवरचे डबे अजून तिथंच, आणि सूनपण बुटकीच. मी वर गेलो की ती येऊन स्टूल घेऊन जाते आणि परत ठेवायचं विसरते. मग मी अडकतो.

मग मी हॉर्न वाजवतो.