वासाला हेड नाही

देवानं आधी नाक घडवलं असावं, आणि मग त्या नाकाला टेकायला काहीतरी हवं म्हणून खाली आमचे दाजी जोडले असावेत, असं माझं फार जुनं मत आहे. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. नाक दिसायला चारचौघांसारखंच, किंबहुना थोडं बसकं. पण निपाणीच्या तंबाखूच्या बाजारात त्या नाकाला जो मान होता, तो भल्याभल्यांच्या पटक्याला नव्हता. आमचं गाव निपाणीपासून बसनं अर्ध्या तासावर. दाजी रोज सकाळच्या बसनं तिथल्या एका वखारीत जात. पोत्यात हात घालून पानाचा तुकडा काढायचा, तळहातावर चुरगळायचा, नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून सांगायचं, "ह्याला पाऊस लागलाय. वरनं वाळलंय, आतनं न्हाय." शेठ मान डोलवायचा आणि भाव ठरायचा. गंमत म्हणजे तंबाखूवर संसार करणाऱ्या ह्या माणसानं जन्मात तंबाखूला तोंड लावलं नाही. विडी नाही, तपकीर नाही, मशेरी नाही. विचारलं तर म्हणायचे, "सोनारानं सोनं खायाचं नस्तं."

ह्या नाकाची घरात जी बडदास्त होती ती जावयाचीही नसते. रोज झोपताना दोन्ही नाकपुड्यांत कोमट तुपाचे थेंब. धुळीच्या रस्त्याला लागले की उपरण्यानं नाक गच्च बांधायचं, मग समोरून कोणी ओळखीचं आलं तरी नुसत्या भुवया उडवायच्या. अंघोळीला साबण वर्ज्य, हरभऱ्याचं पीठ चालायचं. आक्काला गजरा माळायची मुभा फक्त वखारीच्या सुट्टीच्या दिवशी. आक्काला बघायला आले तेव्हाही सगळे पोरीकडे बघत होते आणि हे गृहस्थ चहाच्या कपाकडे. कप नाकाशी नेला, डोळे मिटले आणि भर बैठकीत म्हणाले, "चुलीत बाभळीचं लाकूड हाय. दूध कालचं हाय." वडिलांनी मान खाली घातली. आई आत रडायच्या बेतात. लग्न मोडलं म्हणून मी पोह्यांच्या बशीकडे शेवटचं बघून घेत होतो, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पन आलं पोरीनं सवताच्या हातानं ठेचलंय. मला पसंत हाय."

मी तेव्हा शाळेत होतो, पण मेहुणा म्हणून दाजी मला चारचौघांत 'पावणं' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. आम्ही दोघंच असलो की मात्र 'अरं'. एकदा मी शाळा बुडवून सर्कशीला गेलो. संध्याकाळी दाजी ओट्यावर बसलेले. मी जवळून गेलो फक्त. "पावणं, आज शाळंत न्हवता. हत्तीपाशी हुता," असं त्यांनी वडिलांच्या देखत जाहीर केलं. त्या दिवशी खाल्लेला मार माझ्या अजून लक्षात आहे, आणि त्या नाकाचा धाक पुढे नोकरीला लागलो तरी गेला नाही.

नोकरी लागली ती गावच्या नगरपालिकेत, बांधकाम खात्यात कारकून म्हणून. बिऱ्हाड आक्काच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. गल्लीच्या मधोमध एक विहीर. नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही त्याच्या मर्जीनं, म्हणून प्यायला सगळी गल्ली त्या विहिरीवर. गल्लीच्या पाठीमागे जुना मोटारस्टँड. स्टँड हायवेला गेला तेव्हा तिथला पेट्रोल पंपही बंद पडला. मालक गाव सोडून गेला, जागा नगरपालिकेकडे आली, आणि तिथं आठवड्याचा बाजार भरू लागला. ज्या जागेवर भाजीवाल्या बसायच्या तिच्याखाली पंपाची टाकी तशीच आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

एका श्रावणात सकाळी दाजींनी पाण्याचा तांब्या तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. "पान्यात पेट्रोल हाय."

गल्ली पोट धरून हसली. निम्म्या बायका तंबाखूच्या कामाला, उरलेल्या निम्म्या मशेरी लावणाऱ्या. तसला बारीक वास यायचा कोणाला? "मंग काय, उद्यापास्नं मोटारी आपल्या दारात लागणार!" असं एकजण म्हणाला, आणि विहिरीचं नाव महिनाभर 'पंप' पडलं. दाजी हसले नाहीत. उपरणं सोडून ते विहिरीपासून वास घेत घेत निघाले, आणि ऐन बाजाराच्या दिवशी जुन्या स्टँडवर, वांगी आणि कोथिंबिरीच्या मधे, जमिनीला नाक लावून पालथे पडले. उठले ते सरळ माझ्या टेबलाशी आले. अर्जाच्या दोन प्रती होत्या, एक मराठीत, एक कानडीत. पहिलं वाक्य होतं, 'माझ्या नाकाच्या खात्रीने कळवितो की...'

आता आमच्या कचेरीची रीत सांगायला हवी. नगरपालिकेत पैसा खर्च करायचा तर अंदाजपत्रकात त्याला मथळा लागतो. त्याला आम्ही हेड म्हणायचो. मोकाट कुत्र्यांना हेड होतं, गटारींना होतं, बागेतल्या पुतळ्याच्या हारालासुद्धा होतं. जमिनीखालच्या टाकीतून झिरपणाऱ्या तेलाला नव्हतं. हेड नाही म्हणजे पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणजे प्रश्नच नाही, इतका तो मामला सरळ होता. आमचे ओव्हरसियर भर दुपारी, सर्दी झालेली असताना, विहीर बघून आले आणि काही दिसत नाही म्हणाले. टिपणी मी लिहिली: 'तक्रार केवळ वासावर आधारित आहे. वासाला हेड नाही.' दुसरं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते दोन मित्रांना वाचूनही दाखवलं.

पण दाजी रोज यायचे. वखारीतून आले की धुळीच्या अंगानं माझ्या टेबलासमोर उभे. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. शेवटी मी डोकं चालवलं. 'विहिरीतील गाळ काढणे' असं एक हेड होतं! त्यात प्रकरण बसवलं, मंजुरी आणली, माणसं उतरली, विहीर उपसून घासून लख्ख केली, कठड्याला चुना लावला. गल्लीनं माझी पाठ थोपटली. दाजी कठड्याशी उभे राहून एवढंच म्हणाले, "पावणं, विहीर आजारी न्हाय, टाकी आजारी हाय. तुमी नाक पुसलं. सर्दी तशीच हाय." मला राग आला. मी फाइलवर 'तक्रारीचे निवारण झाले' असं लिहून सही ठोकली.

पाऊस सरता सरता दाजी पुन्हा आले. "परत आलाय. आता लई हाय." बंद केलेली फाइल उघडायची म्हणजे आपण चुकलो हे वरच्यांना लेखी कळवायचं. मी म्हणालो, बघू. सरकारी नोकरीत 'बघू' म्हणजे डोळे मिटणं, हे दाजींना ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी घरचं पाणी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या देवळातल्या आडावरून सायकलवर आणायला सुरुवात केली. आणि सकाळ-संध्याकाळ, तुपानं जपलेलं ते नाक घेऊन, विहिरीत कमरेपर्यंत वाकून उभे राहायचे. बघायचे, वास आज किती वर आलाय. ज्या नाकाला गजरा सोसत नव्हता त्या नाकानं ते पेट्रोल ओढत होते. डोळे लाल, डोकं ठणकतंय. आक्का रडकुंडीला यायची. "अवं, तेवढं वाकू नगासा!" तर म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला येतोय का वास? मग मीच घ्याय पायजे." मी हे तीन दारांवरून बघत होतो आणि सकाळी कचेरीत जात होतो.

आमच्या गल्लीत त्रिपुरी पौर्णिमेला विहिरीत दिवे सोडायची चाल आहे. पानाच्या द्रोणात पणती ठेवायची, द्रोण परडीत, परडी दोरानं हळूहळू खाली पाण्यापर्यंत. पहिला दिवा गल्लीतल्या जुन्या सुवासिनीचा. त्या वर्षी तो मान आक्काचा होता.

आदल्या दिवशी दाजी कचेरीत आले. प्रथमच खुर्चीवर बसले. आवाज अगदी खाली. "पावणं, वाफ आत बसून ऱ्हाती. जड अस्ती, भाईर येत न्हाय. उद्या दिवा खाली जाणार." मी म्हणालो, "दाजी, गाळ काढलाय. सही झालीय." ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला विहिरीभोवती तीस-चाळीस बायका, ठेवणीतली लुगडी, हातात पेटलेल्या पणत्या. नगराध्यक्षही आलेले. आणि कठड्यावर दाजी, दोन्ही हात पसरून, दुपारपासून. लोक आधी हसले, मग चिडले. सणाच्या दिवशी अपशकुन करतोय म्हणून बायका कुजबुजू लागल्या. नगराध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे तुमचा माणूस तुम्ही आवरा. मी पुढे झालो आणि दाजींचं मनगट धरलं. ते घामानं ओलं होतं. "चला दाजी. हसं हुतंय."

दाजींनी माझ्याकडे बघितलं आणि उभ्या गावासमोर, पहिल्यांदाच, म्हणाले, "अरं, दिवा तुझ्या आक्काच्या हातात हाय."

माझ्या हातातून त्यांचं मनगट सुटलं. आक्का दोन पावलांवर होती. काही न सुचून मी तिच्या आणि विहिरीच्या मधे जाऊन उभा राहिलो. दाजींनी बादली सोडली, बुडवली नाही, आडवी करून नुसता वरचा थर काढला, आणि आम्ही ती जुन्या स्टँडच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली. गर्दी मागोमाग, पण लांब. दाजींनी एका पणतीतली पेटती वात काठीनं उचलून बादलीत टाकली. चुर्र झालं आणि वात विझली. कोणीतरी हसलं. मलाही क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते. दाजींनी चिंधी काठीला गुंडाळली, पेटवली, पाणी निवळायची वाट बघितली आणि ती पाण्याला न टेकवता नुसती जवळ नेली.

पाणी पेटलं. निळी ज्योत बादलीभर सर्रकन पसरली आणि कडेवरून नाचायला लागली.

पेटता दिवा तोंडानं फुंकू नये, असं आपल्याकडे पाळण्यातल्या पोरीलाही शिकवतात. त्या संध्याकाळी सगळ्यांत आधी आक्कानं आपला दिवा फुंकला. मग शेजारणीनं, मग तिच्या शेजारणीनं. बघता बघता सगळी त्रिपुरी विझली आणि अंधारात फक्त ती बादली जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी खास सभा भरली. हिशेबनीस सवयीनं म्हणाले, ह्याला हेड नाही. नगराध्यक्ष म्हणाले, "काल पानी पेटलेलं बगितलं न्हवं? मग लिवा हेड." मी लिहिलं. मंजुरीसाठी बेळगावला खेपा घातल्या, ह्या टेबलावरून त्या टेबलावर फाइल पोटाशी धरून फिरलो. एका साहेबांनी विचारलं, तक्रार कशावर आधारित आहे? मी म्हणालो, "आमच्या दाजींच्या नाकावर." पैसे आले. टाकी निघाली तेव्हा तिची पार चाळण झालेली होती. भोवतालची काळी माती गाड्यांनी भरून गावाबाहेर नेली. विहीर पुन्हा पुन्हा उपसली आणि वर्षभर बंद ठेवली.

पुढच्या त्रिपुरीच्या आदल्या दिवशी विहीर उघडली. पहिली बादली वर आली आणि सगळ्या गल्लीनं ती दाजींसमोर ठेवली. ओव्हरसियर होते, बेळगावच्या तपासणीचा चांगला दाखला होता, पण गल्लीला दाखला नको होता. दाजींनी ओंजळ भरली, नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. "ब्येस हाय," म्हणाले. हलगी वाजायला लागली.

घराकडे येताना त्यांनी माझी बाही धरली. आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं. "अरं, खरंच ब्येस हुतं का रं पानी?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनीच सगळं सांगितलं. वखारीतलं काम दोन महिन्यांपूर्वीच सुटलं होतं. शेठनं समोर ठेवलेल्या दोन ढिगांत दाजींना फरक सांगता आला नव्हता. आक्कालाही त्यांनी शेठशी पटत नाही म्हणून सांगितलं होतं. डॉक्टर पुढे म्हणाले, वय असेल, पेट्रोल असेल, सांगता येत नाही. मला सांगता येतं. ते नाक माझ्या एका सहीखाली गेलं.

मी परत विहिरीवर गेलो, ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, प्यालो, आणि येऊन सांगितलं, "दाजी, ब्येस हाय." तेव्हा कुठे त्यांचा चेहरा निवळला.

दाजी अजूनही प्रत्येक वस्तू आधी नाकाशी नेतात, पत्र, भाकरी, नातवाचं टाळकं. आणि मी बसलेलो असलो की डोळ्यांनीच विचारतात. मी सांगतो: पाऊस येणार, शेजारी मासळी शिजतीय. परवा आक्कानं चहा आणला. दाजींनी कप नाकाशी धरला आणि माझ्याकडे बघितलं.

"आलं हाय दाजी, हातानं ठेचल्यालं," मी म्हणालो. "आन् चुलीत बाभळीचं लाकूड हाय."

दाजींनी डोळे मिटून घेतले. एक घोट घेतला. मग हळूच हसले.

"खोटारड्या," म्हणाले, "घरात ग्यास येऊन दोन वर्सं झाली. पन सांग अजून."