नळी धुवायची हाये

चंबू, परीक्षानळ्या आणि बर्नर यांच्या संगतीत साहेबरावांची एकतीस वर्षं गेली. जालन्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. चंबूतली उकळी नुसती ऐकून ‘झालं, उतरवा’ म्हणायचे, आणि तसंच असायचं. पोरं त्यांना मामा म्हणत. प्राध्यापक आले नि गेले, मामा तिथंच.

निवृत्तीला महिना उरला आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका सत्यशीला मॅडमनी चंबू कपाटात ठेवून दिले. बियाण्यांच्या लेपासाठी एक संयुग त्यांना नव्या पद्धतीनं करायचं होतं. दोन पंप, दोन द्रावणं आणि शेवईएवढी बारीक नळी. द्रावणं नळीत एकत्र यायची आणि वाहता वाहताच संयुग तयार. ढवळायला कुणी नको, राखण बसायला कुणी नको. जुन्या दिवसांच्या आठवणीनं मामा कपाटाची काच उगाच पुसत राहायचे.

या कामाची पाहणी करायला विद्यापीठाची समिती यायला आठ दिवस होते. तिला पटलं नाही तर काम गुंडाळावं लागणार होतं. मॅडम वर्गावर गेलेल्या. जेवणाची सुट्टी झाली तसे मामांनी, रोज बर्नर विझवायचे त्याच सवयीनं, पंप बंद केले. परत येऊन बघतात तर नळीत पांढरा खडा! नळी एकच, तीही परदेशातून मागवलेली.

मॅडम वर्गावरून आल्या तसे मामा म्हणाले, “म्याच बंद केलं, मॅडम.”

मॅडम नळी उजेडात धरून खडा बघत राहिल्या.

संध्याकाळी बदनापूरला, घरच्या मोसंबीला ठिबकनं खत देताना त्यांना एकदम सुचलं. सकाळी कॉलेजात येऊन डबाही न ठेवता ते म्हणाले, “मॅडम, खत सोडल्यावर आम्ही मोटर लगेच बंद करत न्हाई. साधं पाणी सोडून नळी धुतो, मंग बंद. न्हाईतर खत नळीतच बसतंय. बसलंच, तर उलटीकडून कोमट पाणी मारून बघा.”

मॅडमनी उलट्या बाजूनं कोमट द्रावक हळूहळू सोडलं. दुपारी खडा विरघळला.

“ही चूक माझीच, मामा,” मॅडम म्हणाल्या. “बंद कसं करायचं, हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं.”

समिती आली ती एकतीस तारखेला, मामांच्या शेवटच्या दिवशी. सगळं बघून तिनं मंजुरी दिली. मग मंडळी निरोपासाठी सभागृहात जमली. शाल आली, नारळ आला, प्राचार्य आले, फक्त मामा नाहीत. मॅडमची विद्यार्थिनी साक्षी धावत प्रयोगशाळेत गेली. मामा पंपापाशी उभे होते, डोळे भरून आलेले.

“मामा, समदे थांबलेत. जल्दी चला!”

“थांबू दे की,” नळीवरची नजर न काढता मामा म्हणाले. “अजून धा मिनटं नळी धुवायची हाये.”